माध्यमाचा वाद आणि वादाची भाषा

गेल्या पंधरवड्यात आमच्या टपालात एक पत्र आले. पत्र हाताने लिहिलेले, अक्षर वळणदार, शुद्धलेखन निर्दोष. लिहिणारे एक निवृत्त शिक्षक. विषय सरकारी मराठी प्राथमिक शाळांच्या ओस पडत चाललेल्या वर्गांचा, म्हणजे आमच्याही जिव्हाळ्याचा. एका शिक्षकाने चार इयत्ता कशा सांभाळाव्यात, पटसंख्या घसरली की शाळा बंद आणि शाळा बंद झाली की उरलेल्या मुलांनी जावे कोठे, याचे गुरुजींनी स्वानुभवातून केलेले वर्णन इतके नेटके आहे की पत्राचा पाऊण भाग अग्रलेखाच्या जागी छापला असता तरी शोभला असता. अखेरच्या परिच्छेदात मात्र त्यांचा तोल गेला आहे. मुलांना इंग्रजी शाळेत घालणाऱ्या आयांना त्यांनी एक विशेषण बहाल केले आहे आणि आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना दुसरे. ती विशेषणे आम्ही येथे देत नाही. गोव्यात माध्यमाचा वाद ज्यांनी ऐकला आहे त्यांना ती ओळखता येतील, आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांना ती शिकविण्याचे कारण नाही.

पत्र छापावे की छापू नये? वरकरणी प्रश्न क्षुल्लक आहे. दोन ओळी गाळाव्या, पत्र छापावे आणि पुढच्या कामाला लागावे, असे आमच्या एका तरुण सहकाऱ्याने सुचविलेही. परंतु त्या दोन ओळींपाशी आमची लेखणी अडली, कारण तशाच दोन ओळी आम्ही एकदा जशाच्या तशा छापल्या होत्या आणि त्याचे उत्तर द्यायला एक बाई आमच्या कचेरीत आली होती. ती हकीकत पुढे येईलच.

शिक्षणविषयक धोरणावर बोलताना माणसे इतकी का घसरतात? रस्ता, धरण, कर या विषयांवरही सरकारवर टीका होते आणि ती तिखटही असते. पण त्यात शेजाऱ्याच्या आईचा उद्धार सहसा होत नाही. शाळेचा विषय निघाला की तो होतो. याचे कारण असे असावे की शाळेच्या प्रश्नात प्रत्येकाचे मूल गुंतलेले असते, आणि मुलाच्या आडून आपली भाषा, आपला धर्म, आपली जात, आपला पूर्वेतिहास अशी सगळी मंडळी वादाला येऊन बसतात. 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती फेकणाऱ्यांनी मुलींना काय शिकवावे याविषयी एखादे निवेदन दिले असते तर त्याला निदान उत्तर तरी देता आले असते. आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढणारे लोकही पुण्यातलेच, आणि सुशिक्षित पुण्यातले. तेव्हा पूर्वी लोक सभ्यपणे वाद घालीत आणि आज रसातळाला गेले, असा गळा काढण्यात अर्थ नाही. टिळक आणि आगरकर यांच्यातला दुरावा पराकोटीला गेला होता. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून टिळक 1890 साली बाहेर पडले ते काही हसतखेळत नव्हे. तरीही 1895 मध्ये आगरकर गेले तेव्हा टिळकांनी ‘केसरी’त लिहिलेला मृत्युलेख ज्यांनी वाचला असेल त्यांना हे ठाऊक आहे की मतभेद पोटात ठेवूनही माणसाची थोरवी मोजता येते. प्रेतयात्रा काढणाऱ्यांपाशी नसलेले असे काही टिळकांपाशी होते, आणि ते गोड बोलणे खासच नव्हते. टिळकांना गोड बोलता येत असे असा आरोप त्यांच्या शत्रूंनीही केला नाही.

म्हणून प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सभ्यता म्हणजे मवाळपणा, असे समजण्याची एक चाल आपल्याकडे पडली आहे. ती सत्ताधाऱ्यांना फार सोयीची आहे. पगार थकलेला शिक्षक आवाज चढवून बोलला की ‘सभ्य भाषेत बोला’ म्हणून त्याला गप्प करता येते, आणि फाईल दाबून बसलेला अधिकारी ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे’ असे मधाळ उत्तर देऊन सभ्यांत गणला जातो. आमच्या मते यांतला असभ्य कोण हे उघड आहे. पोर्तुगीज राजवटीत तर सगळेच शिष्टपणे लिहिले जात असे. लिहिण्याआधी सेन्सॉरची लाल पेन्सिल फिरलेली असे. त्या शिष्टपणाला लाथ मारून जे बोलले त्यांच्या पुण्याईवर आज आम्ही हा अग्रलेख लिहीत आहोत. मुक्तिलढ्यात तुरुंग भोगून आलेल्या ज्येष्ठांच्या हाताखाली आम्ही वृत्तपत्राचा धंदा शिकलो. त्यांच्यापैकी कोणीही आम्हांला कडक लिहू नको असे सांगितले नाही.

तो लढा आठवला की त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांची आठवण अटळ आहे. 1944 साली त्यांनी गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावर पुस्तिका लिहिली. परकीय सत्तेने आणि तिच्या शिक्षणाने आपल्या माणसांना आपल्याच भूमीत परके कसे केले, हे त्यांनी इतक्या जळजळीत शब्दांत मांडले की आजही वाचताना चटका बसतो. 1946 मध्ये लष्करी न्यायालयापुढे उभे करून त्यांना पोर्तुगालला, पेनिशच्या किल्ल्यात धाडण्यात आले. परंतु ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की कुन्हा स्वतः ख्रिस्ती घराण्यातले होते आणि ज्या समाजाविषयी ते लिहीत होते त्यातच ते स्वतःला मोजत होते. तो आरोप होता एका राजवटीवर आणि तिच्या शाळेवर. पुढे तोच ‘अराष्ट्रीय’ शब्द आम्ही उचलला आणि नळावर पाणी भरायला उभ्या असलेल्या शेजारणीवर फेकला. तिने आपल्या मुलीला कोठल्या शाळेत घातले एवढ्यावरून! कुन्हांनी गाळलेले पोलाद आम्ही कांदा चिरायला वापरले, असेच म्हणावे लागेल.

1985-86 चा भाषावाद पेटला तेव्हा आम्ही महाविद्यालयात होतो. मराठीच्या बाजूने भिंतींवर डांबराने घोषणा लिहिणाऱ्यांत आम्हीही होतो, हे सांगायला आज लाज वाटत नाही. बाजू आजही तीच आहे. लाज वाटते ती दुसऱ्या एका गोष्टीची. आमच्या बाकावर बसणारा एक मित्र कोंकणीचा अभिमानी होता. आम्ही कोंकणीला ‘बोली’ म्हणायचो ते त्याला डिवचण्यासाठी, आणि तो आम्हांला ‘भायला’ म्हणायचा ते आम्हांला डिवचण्यासाठी. दोघांच्याही घरी आई कोंकणीत बोलत असे आणि दोघांच्याही घरी भजन मराठीत होत असे. पण ते आठवायला त्या दिवसांत सवड कोणाला होती? राज्यात जाळपोळ झाली, माणसे प्राणांस मुकली. 4 फेब्रुवारी 1987 रोजी विधानसभेत राजभाषा विधेयक संमत होऊन देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीला शासकीय वापरात स्थान मिळाले. त्या मित्राशी आमचे बोलणे सुरू व्हायला मात्र आणखी बरीच वर्षे लागली.

त्यानंतर 1990 मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक स्तरावर देशी भाषांतील शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आले. तोवर इंग्रजीत चालणाऱ्या धर्मप्रांताच्या शाळांपैकी पुष्कळांनी त्यासाठी कोंकणी माध्यम पत्करले. धोरण बरे की वाईट यावर मतभेद असतील. आमच्या मते ते बरे होते, आणि दोन दशके ते टिकले हीही काही लहान गोष्ट नव्हे. 2011 मध्ये निवडणूक तोंडावर आली असताना दिगंबर कामत यांच्या सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय घेतला आणि पुन्हा वणवा पेटला. भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. ज्यांनी 1986 मध्ये एकमेकांची तोंडे पाहिली नव्हती ते मराठीवादी आणि कोंकणीवादी एका व्यासपीठावर आले. काकोडकरताई आणि सुभाष वेलिंगकर सर त्या मंचाच्या आघाडीवर होते. आम्हांला तो प्रसंग खरोखर मोलाचा वाटला होता. पण घरातले भांडण मिटले की शिव्यांचा साठा वाया थोडाच जातो? पंचवीस वर्षे आपसांत वापरलेले शब्द धुऊनपुसून पलीकडच्या आळीत पाठविण्यात आले. इकडून ‘पोर्तुगीजांची पिलावळ’ गेले, तिकडून ‘तुमची मुले शिकतात इंग्रजीत आणि आमच्या मुलांना सांगता मायबोली’ असे आले. यांतला पहिला शब्द निव्वळ शिवी होता. दुसरे वाक्य उर्मट होते, पण त्यात एक प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर आमच्या बाजूच्या फार थोड्या पुढाऱ्यांपाशी होते.

ती बाई आमच्याकडे आली ती याच दिवसांत. आम्ही एक वाचकपत्र छापले होते. त्यात इंग्रजी शाळेत मूल घालणारी आई ही आई या नावाला पात्र आहे काय, असा सवाल होता. पत्र झणझणीत होते, अंकाला उठाव आला असे आम्हांला वाटले. चौथ्या दिवशी डिचोली तालुक्यातून एक बाई कात्रण घेऊन आली. नवरा खाणीच्या ट्रकावर. स्वतः दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. थोरला मुलगाही गावच्या सरकारी मराठी शाळेतून चौथी झालेला. धाकट्या मुलीला तिने शेजारच्या गावातल्या इंग्रजी शाळेत घातले होते. “बाब, तुमचे पेपर मी सासूला वाचून दाखवते,” ती म्हणाली, “हे पत्र वाचताना मी मध्येच थांबले. सासू विचारते, पुढे काय लिहिलेय?” आम्ही काही समजावू लागलो तेव्हा तिने थांबविले. गावच्या शाळेत चार इयत्तांना एक शिक्षिका होती. ते वर्ष जनगणनेचे. बाईंना मोजणीच्या कामावर पाठविले की शाळा उघडी आणि वर्ग रिकामा. मुलगी दप्तर घेऊन जायची आणि अंगणात खेळून परत यायची. “मराठी मला नको झाली नाही. बाई नव्हती,” एवढे बोलून तिने कात्रण टेबलावर ठेवले आणि ती शेवटची बस गाठायला निघून गेली.

आम्ही त्या दिवसांत माध्यमप्रश्नावर बरेच लिहिले होते. मातृभाषेतून मूल लवकर शिकते हे लिहिले होते आणि ते खरेच आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्य तेथवर शिक्षण मातृभाषेतून व्हावे असे म्हटले आहे, आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेचा आग्रह आहे. परंतु चार इयत्तांना एक शिक्षिका आणि तीही जनगणनेच्या कामावर, हे आमच्या एकाही लेखात आले नव्हते. शिवी छापली की बातमी शोधायची जबाबदारी संपते, हा तिचा खरा दोष. आई नालायक ठरली की शाळा तपासायची गरजच उरत नाही. शिक्षण खात्यातले कोणी त्या पत्राचे आभार मानायला आले नाहीत एवढेच. मानायला हवे होते.

पुढचा इतिहास वाचकांच्या आठवणीत आहे. अनुदानाविरुद्धच्या आंदोलनाला विरोधी पक्ष म्हणून भाजपचा पाठिंबा होता. 2012 मध्ये मनोहर पर्रीकर यांच्या नेतृत्वाखाली तो पक्ष सत्तेवर आला, आणि धर्मप्रांताच्या इंग्रजी शाळांचे अनुदान चालू राहिले. मराठी-कोंकणी शाळांसाठी जादा साहाय्याच्या योजना आल्या. निर्णयामागची कारणे देण्यात आली आणि त्यांतली काही विचार करण्याजोगी होती. चालू शाळांचे अनुदान एका रात्रीत तोडले तर तेथल्या शिक्षकांचे आणि मुलांचे काय, हा प्रश्न कोणत्याही जबाबदार सरकारला पडेल. मग हाच प्रश्न आदल्या वर्षी विरोधी बाकांवर का पडला नाही? ‘काल आम्ही बोललो त्यात एवढे चुकले’ असे वाक्य आमच्या तरी कानी आले नाही. काँग्रेसनेही, आपल्याही सरकारांनी चालविलेले धोरण निवडणुकीच्या उंबऱ्यावर का बदलले याचा सरळ खुलासा केला नाही. ही सगळी भाषणे काढून पाहा. त्यांत एकही अपशब्द सापडणार नाही. तरीही लोकांना गृहीत धरण्याच्या या रीतीला आम्ही असभ्य म्हणू, आणि ट्रकवाल्याच्या बायकोने आमच्या टेबलावर ठेवलेल्या कात्रणाला सभ्य. 2016 मध्ये वेलिंगकर सरांना संघाच्या जबाबदारीतून दूर करण्यात आले, त्यांच्या पाठीराख्यांनी गोवा सुरक्षा मंच काढला आणि 2017 च्या निवडणुकीत त्यांची एकही जागा आली नाही. त्या काळात कालपर्यंत एका सतरंजीवर बसणाऱ्यांनी एकमेकांविषयी जे उद्गार काढले त्यांत शाळा कोठे होती, मूल कोठे होते, हे शोधायला दिवा लागला असता.

आता थोडे घाटावर जाऊ. चोर्ला चढून गेले की बेळगाव. 1986 मध्ये तेथे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन झाले, 1 जूनला गोळीबार झाला, मराठी माणसे हुतात्मा झाली. दरवर्षी त्या दिवशी हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर लोक जमतात, आणि गोव्यातल्या मराठी माणसाचाही ऊर भरून येतो. तेथे आपले म्हणणे काय? आमच्या मुलाने कोणत्या भाषेत शिकावे हे बंगळूरने ठरवू नये. हे म्हणणे न्याय्य आहे. कर्नाटकाच्या 1994 च्या भाषाधोरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेला, आणि 6 मे 2014 च्या निकालाने प्राथमिक शिक्षणात मातृभाषेची सक्ती सरकारला करता येणार नाही, ती निवड मुलाच्या वतीने पालकांची, असे ठरले. घाटावर आपण पालकाच्या निवडीच्या बाजूने उभे राहतो आणि घाट उतरून फोंड्याला आलो की पालकाला निवड कसली करायची अक्कल, असे बोलतो. सक्ती वेगळी आणि अनुदान वेगळे, हे उत्तर येथे दिले जाईल. ते खरे आहे. सरकारी पैसा कोठे खर्च व्हावा हे ठरविण्याचा अधिकार लोकनियुक्त सरकारला आहेच, आणि म्हणूनच 1990 च्या धोरणाचे समर्थन आम्ही आजही करू. पण मग वाद पैशाचा आहे हे ओळखून पैशाच्या भाषेत बोलावे. अमुक शाळेला अनुदान का द्यावे, का देऊ नये, किती द्यावे. त्यात कोणाच्या राष्ट्रनिष्ठेचा पंचनामा कशाला? बेळगावचा मराठी पालक कन्नडद्रोही नसेल तर साष्टीचा कॅथलिक पालक देशद्रोही कसा, याचे उत्तर आमच्या निवृत्त गुरुजींनी द्यावे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय शाळेच्या दारात तरी चालू नये.

महाराष्ट्रातला 2025 चा वाद ताजा आहे. 16 एप्रिलच्या शासननिर्णयाने तेथे पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य झाली, 17 जूनला ‘अनिवार्य’ शब्द गेला पण हिंदी राहिली, आणि विरोध एवढा वाढला की 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर तिसरी भाषा लादावी काय, या प्रश्नावर भाषातज्ज्ञांनी, शिक्षकांनी, पालकांनी जे मांडले ते भक्कम होते. सरकारला माघार घ्यायला लावण्याएवढे बळ त्यात होते. त्याच सुमारास मीरा रोडला मराठीच्या प्रश्नावरून एका दुकानदाराच्या थोबाडीत मारल्याची चित्रफीत देशभर फिरली. आमच्या ओळखीच्या एका इंदूरच्या मराठी गृहस्थांनी तेव्हा कळविले, “पहिलीच्या मुलाचा मुद्दा मी येथे हिंदी शेजाऱ्यांना समजावून सांगत होतो आणि ते ऐकतही होते. त्या थपडेनंतर कोणी ऐकेना.” दूरच्या गावी पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्या माणसाच्या तोंडचा घास असा काढून घेतला जातो, आणि मारणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नसते.

कोणी म्हणेल, संपादकमहाशय, म्हणजे आता तुम्हीच लाल पेन्सिल हाती घेणार तर! आक्षेप रास्त आहे आणि आम्हांला तो बोचतोही. सरकारने शब्द तपासावेत याला आमचा विरोध राहील. विधानसभेत कोणी काय बोलावे हे सभापती पाहतील. पण आपल्या पानावर काय यावे याचा विचार संपादकाने करायचा नाही तर कोणी करायचा? मंत्र्याला ‘लबाड’ म्हटलेले पत्र आम्ही छापू, पुरावा जोडला असेल तर पहिल्या पानावर छापू. शिक्षण संचालनालयाला झोपेचे सोंग घेतल्याबद्दल कोणी आडव्या हाताने घेतले तर एक शब्दही कापणार नाही. ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांनी कठोर बोलणे सोसलेच पाहिजे. ज्यांच्या हाती केवळ आपल्या मुलीचे बोट आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या निवडीची चिकित्सा अवश्य करावी, चूक वाटली तर ती दाखवावी. परंतु ती निवड त्यांनी कोणत्या शाळेसमोर उभे राहून केली, हे पाहून यावे आणि मग लिहावे.

गुरुजींचे पत्र आम्ही त्यांना परत पाठविले आहे. शेवटच्या परिच्छेदातील दोन शब्दांखाली रेघ मारली आहे आणि समासात लिहिले आहे: ‘या दोन शब्दांच्या जागी, आपण चाळीस मुलांचा वर्ग चार मुलांवर आलेला पाहिला ते वर्ष आणि त्या गावाचे नाव घालावे.’ सोबत परतीचे तिकीट लावलेला लिफाफा आहे. उत्तर आले की पत्र या पानावर येईल, आणि त्यासाठी पान वाढवावे लागले तर वाढवू.